फुप्फुसाचे देणे मूत्रपिंडाच्या माथी

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात ११ जून १९६३ रोजी डॉ. जेम्स हार्डी यांनी माणसावरील पहिले फुप्फुस प्रत्यारोपण केले. रुग्ण खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा ५८ वर्षांचा कैदी होता. डाव्या फुप्फुसात कर्करोग, श्वास पुरत नव्हता आणि मूत्रपिंडे आधीपासूनच अधू. नवे फुप्फुस कामाला लागले. त्याच रात्री मेडगर एव्हर्स या कृष्णवर्णीय नेत्यावर त्याच शहरात गोळी झाडली गेली, त्यांनाही त्याच रुग्णालयात आणले गेले, आणि त्या हत्येच्या बातमीपुढे शस्त्रक्रियेची बातमी मागे पडली. अठराव्या दिवशी कैदी दगावला. शरीराने नवे फुप्फुस नाकारल्याची खूण शवविच्छेदनात सापडली नाही. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती.

त्यानंतरच्या वीस वर्षांत जगभर चाळीसेक प्रयत्न झाले आणि जवळपास सगळे वाया गेले. रुग्णालयातून घरी जाऊ शकला तो एकच, बेल्जियममधील गेंट शहरातला २३ वर्षांचा तरुण. १९६८ मध्ये डॉ. फ्रित्झ डेरोम यांनी त्याला फुप्फुस बसवले आणि तो दहा महिने जगला. त्याचा आजार होता सिलिकोसिस. दगडा-वाळूची बारीक धूळ श्वासावाटे आत जाऊन फुप्फुस घट्ट होत जाते, तो. बाकीच्या अनेकांच्या बाबतीत श्वासनळीचा सांधाच जुळत नसे. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून स्टेरॉइड द्यायचे, आणि त्याच स्टेरॉइडमुळे जखम भरायची नाही, अशी कोंडी होती.

ही कोंडी टोरांटोच्या डॉ. जोएल कूपर यांनी फोडली. ७ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांनी फुप्फुस घट्ट होत गेलेल्या एका ५८ वर्षांच्या गृहस्थाला एक फुप्फुस बसवले. पोटातील चरबीच्या पडद्याचा पदर ओढून श्वासनळीच्या सांध्याभोवती गुंडाळला आणि सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइड टाळून सायक्लोस्पोरिन या नव्या औषधावर भिस्त ठेवली. हा रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. १९९० मध्ये तो गेला, तेव्हा कारण होते मूत्रपिंडे निकामी होणे.

पहिला रुग्ण १८ दिवस जगला, पहिला यशस्वी रुग्ण सहा वर्षे, आणि दोघांचाही शेवट मूत्रपिंडांनी केला. फुप्फुस प्रत्यारोपणाचा साठ वर्षांचा इतिहास शस्त्रक्रियेच्या यशाचा म्हणून सांगितला जातो आणि ते खरेच आहे. पण त्या यशाची किंमत शरीरातल्या दुसऱ्याच अवयवाकडून वसूल होत आली, हा त्या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग आहे. फुप्फुस प्रत्यारोपण आता महाराष्ट्रात होऊ लागले आहे आणि नागपूरजवळच्या वाडीसारख्या गावातला माणूसही त्याची चौकशी करू लागला आहे. त्यामुळे हा अर्धा भाग आपण वेळीच वाचायला हवा.

सायक्लोस्पोरिनची कुळकथा मोठी रंजक आहे. स्वित्झर्लंडच्या सॅन्डोझ कंपनीचे कर्मचारी सुटीवर गेले की तिथली मूठभर माती घेऊन येत; तिच्यात एखादे नवे प्रतिजैविक सापडेल, ही आशा. १९६९ मध्ये नॉर्वेतील हार्डांगरविद्दा पठारावरून आलेल्या मातीत एक बुरशी मिळाली. प्रतिजैविक म्हणून ती यथातथाच निघाली, पण शरीराची प्रतिकारशक्ती नेमकी आवरण्याचा गुण तिच्यात सापडला. केंब्रिजच्या डॉ. रॉय काल्न यांनी १९७८ मध्ये सायक्लोस्पोरिन मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांना देऊन पाहिले. परिणाम थक्क करणारा होता आणि त्याच अहवालात इशाराही होता की हे औषध मूत्रपिंडाला बाधते. १९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी हृदय प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरचा अभ्यास छापला. या रुग्णांची स्वतःची मूत्रपिंडे होती, कुणाची बसवलेली नव्हती. वर्षभराहून अधिक काळ सायक्लोस्पोरिन घेतल्यावर त्यांत कायमचे वण पडलेले दिसले. अवयव हृदयाचा बदलला होता आणि भोगत होते मूत्रपिंड. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसाच हा न्याय.

त्याच वर्षी जपानमध्ये त्सुकुबा परिसरातल्या मातीतून टॅक्रोलिमस मिळाले. पिट्सबर्गच्या डॉ. थॉमस स्टार्झल यांनी ते १९८९ मध्ये रुग्णांना देऊ केले आणि पुढे बहुतेक प्रत्यारोपण केंद्रांत त्याने सायक्लोस्पोरिनची जागा घेतली. नकार आवरण्यात ते सरस ठरले. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र घराणे तेच. ही औषधे मूत्रपिंडातील गाळणीला रक्त पोहोचवणारी सूक्ष्म धमनी आवळतात. सुरुवातीला मात्रा कमी केली की ती पुन्हा सैल होते. वर्षानुवर्षे आवळलेली राहिली, तर गाळणीच्या जागी वण उरतो आणि वणातून काही गाळले जात नाही.

हृदय, यकृत आणि फुप्फुस या तिन्ही रुग्णांना ही औषधे लागतात. फुप्फुसाला ती जास्त लागतात, आणि त्याचे कारण साधे आहे. बसवलेले हृदय किंवा यकृत शरीराच्या आत बंदिस्त असते. फुप्फुसाला प्रत्येक श्वासागणिक बाहेरची हवा, धूळ, बुरशी आणि जंतू भेटतात. त्यामुळे शरीराची संरक्षक फौज तिथे सतत जागी असते. तिला आवरायला औषधाची पातळी चढी ठेवावी लागते. त्या पातळीची झळ मूत्रपिंडाला बसते.

नुकसानीची सुरुवात तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होते. छाती उघडलेली, रक्तदाब खाली-वर होणारा, अनेकदा हृदय-फुप्फुस यंत्र किंवा रक्तात प्राणवायू भरणारे एक्मो जोडलेले. नव्या फुप्फुसात पाणी साचू नये म्हणून डॉक्टर शरीर कोरडे ठेवतात, लघवी वाढवणारी औषधे देतात. मूत्रपिंडाला नेमके उलटे हवे असते, भरपूर वाहते रक्त. एका अवयवाचा उपचार दुसऱ्याचा अपाय ठरतो आणि अतिदक्षता विभागातले पहिले काही दिवस या दोघांत समेट घडवण्यातच जातात. त्यात बुरशीवरचे अँफोटेरिसिन, जंतूंवरचे व्हँकोमायसिन आणि विषाणूवरचे गॅनसिक्लोव्हिर यांची भर पडते, आणि ही तिन्ही मूत्रपिंडाला जपून द्यायची औषधे. फुप्फुस प्रत्यारोपणानंतर जवळपास निम्म्या रुग्णांच्या मूत्रपिंडांना या काळात कमी-अधिक इजा होते, असे वेगवेगळ्या देशांतले अभ्यास सांगतात. बहुतेकांची इजा भरून येते. भरून आलेले मूत्रपिंड पहिल्याइतके धट्टेकट्टे मात्र राहत नाही.

या सगळ्याचा ताळेबंद २००३ मध्ये मिशिगनचे डॉ. अकिन्लोलु ओजो आणि सहकाऱ्यांनी मांडला. १९९० ते २००० या काळात अमेरिकेत मूत्रपिंड सोडून दुसरा अवयव बसवलेल्या ६९,३२१ रुग्णांची माहिती त्यांनी तपासली. मूत्रपिंडाची गाळण मिनिटाला २९ मिलिलिटर किंवा त्याहून खाली गेली, की ते मूत्रपिंड निकामी धरायचे, अशी त्यांची व्याख्या होती. पाच वर्षांत या अवस्थेला पोहोचण्याची जोखीम फुप्फुसाच्या रुग्णांत १५.८ टक्के निघाली, म्हणजे साधारण सहांत एक. ज्यांची मूत्रपिंडे अशी खचली, त्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या चौपटीहून अधिक होता. यकृताच्या रुग्णांत पाच वर्षांची जोखीम १८.१ आणि हृदयाच्या रुग्णांत १०.९ टक्के होती.

या आकड्यांचा अर्थ नीट लावायला हवा. फुप्फुस बदललेल्या माणसाच्या मृत्यूचे पहिले कारण मूत्रपिंड नव्हे. ती जागा नव्या फुप्फुसाच्या जुनाट नकाराची आणि संसर्गाची. पण मूत्रपिंड खचले की या दोन्ही शत्रूंशी लढण्याची मुभा कमी होते. नकार दिसला तरी औषधाची मात्रा वाढवता येत नाही. बुरशी वाढली तरी तिच्यावरचे जालीम औषध पूर्ण देता येत नाही. रक्तदाब चढतो, मधुमेह आवरेनासा होतो, रक्त कमी पडते. आंतरराष्ट्रीय नोंदणीनुसार २०१० ते २०१७ या काळात फुप्फुस मिळालेल्या प्रौढांपैकी निम्मे जण ६.७ वर्षांहून अधिक जगले. नव्वदीच्या दशकात हा आकडा पाचाच्याही आत होता. हृदयाच्या रुग्णांत तो बाराच्या पुढे आहे. शस्त्रक्रिया इतकी सुधारूनही फुप्फुसाचा आकडा इतका संथ का सरकतो, याचे एक उत्तर मूत्रपिंडात आहे.

आता आपल्या घराकडे वळू. महाराष्ट्र या प्रवासात मागे नव्हता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६५ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न केला. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी केपटाउनमध्ये पहिले हृदय बसवल्यानंतर अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी केईएममध्ये हृदय बसवले. रुग्ण काही तासांतच दगावला. त्यानंतर त्या रुग्णालयात पुन्हा हृदय बसवायला २०२४ साल उजाडले. मधली ५६ वर्षे वाया गेली असे नव्हे. शस्त्रक्रियेचे कसब होते; अवयव देणारा कायदा, तो वाटणारी यंत्रणा आणि नंतर सांभाळणारी व्यवस्था नव्हती. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशात सर्वांआधी लागू झाला. मुंबईत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र २००० मध्ये आले. नागपूरच्या केंद्रामार्फत २०१३ पासून विदर्भातल्या मेंदूमृत दात्यांचे अवयव रीतसर वाटले जाऊ लागले.

सेनांच्या काळात व्यवस्था शस्त्रक्रियेच्या मागे राहिली होती. आज फुप्फुसाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होण्याचा धोका आहे. देशात २०१३ मध्ये सर्व अवयवांची मिळून ४,९९० प्रत्यारोपणे झाली होती; २०२३ मध्ये ती १८,३७८ झाली. त्यांत मूत्रपिंडाची १३,४२६ आणि फुप्फुसाची १९७. करोनाच्या साथीने फुप्फुसाच्या आकड्याला धक्का दिला. २०२० मध्ये चेन्नई आणि सिकंदराबादच्या रुग्णालयांत करोनाने जळालेली फुप्फुसे बदलली गेली आणि हा उपचार प्रथमच घराघरांत बोलला गेला. आज मुंबई आणि पिंपरीतही तो होतो. १९७ हा आकडा अजून लहान आहे, म्हणूनच व्यवस्था बसवायची वेळ आत्ता आहे. तो दोन हजारांवर गेल्यावर सवयी बदलत नाहीत.

या व्यवस्थेची परीक्षा मोठ्या शहरातल्या शस्त्रक्रियागृहात होत नाही, ती वाडीत होते. नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की शहर संपता संपता वाडी लागते. १९६६ पासूनचा अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना, लोकांच्या तोंडी नुसते ‘डिफेन्स’. ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगा. आठव्या मैलापर्यंत ट्रकांची वर्दळ. पलीकडे हिंगण्याची एमआयडीसी. जिल्ह्यात कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रे आहेत, सावनेर-उमरेडच्या कोळसा खाणी आहेत. धूळ आणि धूर इथल्या पोटापाण्याचाच भाग आहेत. आणि घरोघरी कूलर. फुप्फुस घट्ट होत जाण्याच्या आजारांची देशव्यापी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९ शहरांतल्या २७ केंद्रांवरच्या १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना श्वासावाटे आत गेलेल्या कशाची तरी अतिसंवेदनशीलता हे कारण निघाले, आणि त्यांपैकी जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. ओलसर ताट्यांत वाढणारी बुरशी हा त्यातला संशयित. कूलर असला की आजार होतोच, असे मुळीच नाही. पण विदर्भात ताट्या बदलणे आणि टाकी घासणे ही फक्त थंड हवेची बाब नाही, एवढे तरी त्यावरून कळावे.

असा एखादा रुग्ण घरी ऑक्सिजनच्या यंत्राला जखडला जातो, तेव्हा त्याला मुंबई-पुण्याची किंवा हैदराबाद-चेन्नईची वाट दाखवली जाते. शरीराबाहेर फुप्फुस साधारण सहा तासच टिकते, म्हणून यादीत नाव लागल्यावर त्या शहरात खोली घेऊन राहावे लागते. घरचे एक माणूस नोकरी सोडते, शेत किंवा प्लॉट विकला जातो. शस्त्रक्रिया होते. आणखी काही महिने तिथे काढून रुग्ण परत येतो. केंद्राच्या दप्तरी तो ‘यशस्वी’ असतो. त्याच्या मूत्रपिंडांची गोष्ट खरे तर आता सुरू झालेली असते, आणि ती वाडीच्या लॅबमध्ये, मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर आणि मे महिन्याच्या उन्हात घडते.

त्याच्या तपासणीची एक सकाळ पाहा. टॅक्रोलिमसची गोळी बारा-बारा तासांनी, बहुधा आठ वाजता. रक्तातली पातळी मोजायची तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यावे लागते, कारण डॉक्टरांना हवी असते ती तळाची पातळी. रुग्ण लॅबवाल्याच्या वेळेसाठी गोळी घेऊन आला, तर आकडा चढा दिसतो. तो आकडा फोनवर दूरच्या केंद्राला कळवला जातो, मात्रा कमी होते आणि नकाराला दार उघडे मिळते. उलट चूक झाली, तर मूत्रपिंडाला भुर्दंड. एका गोळीच्या वेळेवर दोन अवयवांचे भवितव्य लटकलेले असते आणि हे रक्त घेणाऱ्या मुलाला कुणी सांगितलेले नसते.

दुसरी गल्लत क्रिएटिनिनच्या आकड्याची. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. वर्षानुवर्षे धाप लागून हाडांचा सापळा झालेल्या माणसाचे स्नायूच उरलेले नसतात, म्हणून त्याचे क्रिएटिनिन ०.८ किंवा ०.९ दिसते. अहवालावर ‘नॉर्मल’ छापलेले असते आणि आत मूत्रपिंडाची ताकद निम्म्यावर आलेली असू शकते. शस्त्रक्रियेआधीच ही फसगत होते. ती टाळायला सिस्टॅटिन सी नावाची तपासणी आहे, गाळण थेट मोजण्याच्या चाचण्या आहेत. लाखो रुपयांच्या शस्त्रक्रियेपुढे त्यांचा खर्च चिल्लर आहे.

तिसरी गोष्ट औषधांच्या दुकानातली. कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅक, ताप आला म्हणून आयब्युप्रोफेन, चिठ्ठीशिवाय. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला ही वेदनाशामके मूत्रपिंडासाठी धोक्याची आहेत. खोकला बळावला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन दिले, नखाची बुरशी म्हणून इट्राकोनाझोल दिले, तर टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने चढते. क्षयाची औषधे सुरू करताना रिफाम्पिसिन दिले, तर ती तळाला जाते. आपल्या देशात क्षय हा काही दुर्मीळ पाहुणा नाही. जुलाब लागले तर पातळी वाढते आणि अंगातले पाणी उतरते, म्हणजे मूत्रपिंडाला दुहेरी मार. फळांत पपनस आणि चकोतरा वर्ज्य, कारण तेही औषधाची पातळी चढवतात. आणि नागपूरचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. पारा ४५ च्या वर गेलेल्या दुपारी एखादा निरोगी माणूसही पाण्यावाचून गळून जातो. आवळलेल्या धमन्यांच्या मूत्रपिंडाला तेवढी सवड नसते. शेजारच्या अकोला-बुलढाण्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, मूत्रपिंडाच्या विकारांची ओरड जुनी आहे. तिथून येणारा रुग्ण तर बेरजेच्या आधीच वजाबाकी घेऊन येतो.

यावर एक उत्तर असे दिले जाते की गरीब राज्याने हा खटाटोप करूच नये. एका फुप्फुसाच्या खर्चात क्षयाचे आणि दम्याचे कितीतरी रुग्ण बरे होतील. धूळ आणि धूर आवरणे, बिडी सुटणे, गळून गेलेल्या मुलांना वेळेवर क्षयाची औषधे मिळणे, याला पहिला हक्क आहे, हे निर्विवाद. पण केंद्रे उभी राहिली आहेत, दाते पुढे येत आहेत, रुग्ण जात आहेत. नागपुरात कुणा घरच्यांनी दुःखाच्या घडीत होकार दिला, वाहतूक पोलिसांनी विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा केला, त्यातून मिळालेला अवयव पुढे निष्काळजीपणाने गमावणे हा दात्याचाही अपमान आहे. प्रश्न करावे की नाही हा उरलेला नाही; नीट करावे कसे, हा आहे.

आणि इथे नागपूरकडे एक जमेची बाजू आहे, जिची कुणी फारशी नोंद घेतलेली नाही. फुप्फुसाचे तज्ज्ञ दूर असतील, टॅक्रोलिमसचे तज्ज्ञ इथेच आहेत. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णालाही तेच औषध लागते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून मूत्रपिंडे बसवली जातात, एम्समध्येही ती सोय झाली आहे, खासगी रुग्णालयांचा अनुभव त्याहून जुना. या औषधाची पातळी, त्याची मूत्रपिंडावरची खूण, त्याच्याशी न पटणारी औषधे हे सारे इथल्या नेफ्रॉलॉजिस्टच्या, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाच्या, हातातले रोजचे काम आहे. वाडीच्या फुप्फुस रुग्णाला दर महिन्याला हजार मैलांचा फेरा मारायला न लावता, शस्त्रक्रियेआधीच त्याचा घरचा नेफ्रॉलॉजिस्ट ठरला पाहिजे. फुप्फुसाचा निर्णय केंद्राने घ्यावा, मूत्रपिंडाची राखण गावाजवळ व्हावी, आणि दोघांत एकच कागद फिरावा, ज्यावर औषधे, पातळी, क्रिएटिनिन आणि रक्तदाब एकाखाली एक लिहिलेले असतील.

मूत्रपिंड वाचवण्याचे वैद्यकीय मार्गही आता सैद्धांतिक राहिलेले नाहीत. सुरुवातीच्या दिवसांत बॅसिलिक्सिमॅब देऊन टॅक्रोलिमस थोडे उशिरा सुरू करता येते. जर्मनीतल्या एका अभ्यासात टॅक्रोलिमसची मात्रा खाली आणून जोडीला एव्हरोलिमस दिल्यावर मूत्रपिंडाचे काम सुधारलेले दिसले. याच कुळातले सिरोलिमस शस्त्रक्रियेनंतर लगेच दिले, तर श्वासनळीचा सांधा सुटू शकतो, हेही अनुभवाने कळले आहे. म्हणजे औषध जितके उपयोगी, तितकी वेळ जपायची. मूत्रपिंड वाचवायला जाऊन फुप्फुस गमावले, तर साधले काय? हा तोल सांभाळणे हे तज्ज्ञांचे काम आहे. त्यांना वेळेवर आणि खरा आकडा मिळवून देणे हे मात्र व्यवस्थेचे.

पैशाचीही मांडणी बदलायला हवी. २०२३ मध्ये राज्य सरकारने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून ५ लाखांवर आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेले. जिल्हा रुग्णालयांत मोफत डायलिसिसचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ पासून आहे. या योजनांचा कल मोठ्या घटनेकडे आहे, म्हणजे शस्त्रक्रिया झाली की पैसे, मूत्रपिंड गेले की डायलिसिस. मधल्या वर्षांतल्या औषधाच्या पातळीची तपासणी, वेळेवर बदललेली गोळी, फुप्फुसाच्या रुग्णाला नेफ्रॉलॉजिस्टची भेट यांना त्या मापात जागा हवी. सरकारी महाविद्यालयांत टॅक्रोलिमसची पातळी माफक दरात आणि त्याच दिवशी मिळाली, तरी पुढचे कित्येक डायलिसिस वाचतील. ज्यांची मूत्रपिंडे तरीही गेली, त्यांच्यासाठी अमेरिकेने २०२३ मध्ये नियम केला. फुप्फुस मिळाल्यानंतर ठरावीक काळात मूत्रपिंडे निकामी झाली, तर त्या रुग्णाला मूत्रपिंडाच्या यादीत अग्रक्रम मिळतो. मूत्रपिंडाची रांग आपल्याकडे लांब आहे, म्हणून हा निर्णय वादाचा ठरेल. वाद उघड व्हावा, पण विषय टाळू नये.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड उपाय म्हणजे हिशेब. कायद्यानुसार प्रत्यारोपण केंद्राची नोंदणी पाच वर्षांची असते आणि मग तिचे नूतनीकरण होते. त्या वेळी खाटा, यंत्रे, डॉक्टरांच्या पदव्या तपासल्या जातात. त्यांच्या जोडीला दोन आकडे सक्तीचे करावेत: पाच वर्षांपूर्वी ज्यांना फुप्फुस बसवले त्यांपैकी आज किती जण जिवंत आहेत, आणि जिवंत असलेल्यांपैकी किती जण डायलिसिसवर आहेत. हे आकडे केईएममधल्या विभागीय-राज्य प्रत्यारोपण संघटनेने दरवर्षी केंद्रनिहाय जाहीर करावेत. ज्या केंद्राला आपल्या रुग्णांचे पाच वर्षांनी काय झाले हे सांगता येत नाही, त्याला आणखी पाच वर्षे फुप्फुसे बसवू देण्याचे कारण नाही. नोंदणी पाच वर्षांची असेल, तर उत्तरदायित्वही पाच वर्षांचे असले पाहिजे.